नायजेलला सांगू नका

शनिवारी सकाळी मोरेनिके आंटींच्या दुकानात पाऊल ठेवायला जागा नसते. त्या शनिवारी तर आत टाकलेलं पाऊल परत मिळेल याचीही खात्री नव्हती. दुपारी शेजारच्या चर्चच्या हॉलमध्ये लायी अंकल आणि सिकिरात आंटींच्या लग्नाची चाळिशी साजरी व्हायची होती, आणि निम्म्या पेकहॅम वस्तीला तिथे नव्या वेण्या घालूनच जायचं होतं. त्या वेण्यांवर पुन्हा छताला टेकणारे फेटे बांधून त्या पार झाकल्या जाणार होत्या, ही गोष्ट वेगळी. फेट्याखालच्या वेण्या देवाला दिसतात, असं मोरेनिके आंटींचं म्हणणं होतं, आणि देवाच्या वतीने त्या स्वतःच तपासत.

त्यांची भाची एबुन दारापाशी फोन घेऊन उभी होती. दुकानाच्या गिऱ्हाइकांच्या वेळा आणि इंटरनेटवरचं पान ती सांभाळायची. तिचं आज एकच काम होतं, आणि ते वेण्यांचं नव्हतं. तिला आज एका बाईकडून एक वाक्य वदवून घ्यायचं होतं.

झालं होतं असं. मागच्या उन्हाळ्यात एबुनच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात आंटींनी नवरीच्या डोक्यावर एक नवीनच रचना घातली. डाव्या कानामागून निघालेल्या वेण्या गोगलगाईच्या शंखासारख्या फिरत टाळूपर्यंत जातात. शेवटची एक बारीक वेणी मात्र उलटी वळते आणि कपाळाच्या कडेला येऊन थांबते, कुणीतरी दाराआडून डोकवावं तशी. आता आफ्रिकेतून आलेल्या ह्या मंडळींत केसांच्या रचनेला नाव लागतं. बिननावाच्या वेण्या म्हणजे नुसता गुंता. आंटी सांगत, की त्यांच्या लहानपणी तिकडे मायदेशी, इबादान शहरात, नवा पूल झाला की पुलाच्या नावाच्या वेण्या निघायच्या, आणि सरकार पडलं की पडलेल्या सरकारच्या. लग्नात नवऱ्या मुलाची आई पहिल्या प्रार्थनेपासून शेवटच्या नाचापर्यंत सुनेकडे टक लावून होती. आंटींनी तिथल्या तिथे नाव दिलं: ‘सासू बघतेय’.

एबुनने फोटो दुकानाच्या पानावर टाकला. महिना-दीड महिन्यात तीच रचना ‘झुरी के’ नावाच्या मुलीच्या डोक्यावर दिसली. झुरीला फोनमध्ये लाखो लोक बघतात. लोकांनी कसं दिसावं हे ती रोज सकाळी सांगते आणि त्यासाठी काय विकत घ्यावं हे दुपारी. रचनेचं नाव आता ‘झुरी स्वर्ल’, म्हणजे झुरीची गिरकी, असं झालं होतं, आणि एक कंपनी त्या रचनेचा केसांचा तयार टोप सोमवारपासून बाजारात आणणार होती. डोक्यावर चढवा आणि निघा.

एबुनने झुरीला सभ्य भाषेत लिहिलं, की ही माझ्या मावशीची रचना आहे. उत्तरादाखल दोन बदाम आणि जोडलेले हात आले, आणि मग दार बंद.

त्याहून वाईट म्हणजे गिऱ्हाइकं. एक बाई तर खुर्चीत बसून आंटींनाच शिकवू लागली.

“झुरी स्वर्ल जमेल ना तुम्हाला? अवघड आहे हं. झुरी ती शेवटची वेणी जरा तिरकी ठेवते.”

“ठेवत असेल, बाई,” आंटी म्हणाल्या. “तिला सासू नसेल.”

एबुनचा जीव जळत होता, पण आंटींना त्याचं काही नव्हतं. “फोनमध्ये आहे ना ती? मग राहू दे फोनमध्ये.” एबुनला मात्र एवढंच हवं होतं, की झुरीने सगळ्यांदेखत एकदा म्हणावं, हे मोरेनिकेंचं काम आहे.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात दुकानात फिलिपा हार्ग्रीव्ह या नावाने वेळ ठरवली गेली. एबुनने ते नाव कुठे वाचलं होतं ते तिला लगेच आठवलं. झुरीचा शाळेतला म्हणून एक फोटो मध्यंतरी फिरत होता. वाळल्या गवताच्या रंगाचे केस, दुधाच्या रंगाची मुलगी, शेजारी एक ठेंगणा घोडा, आणि खाली लिहिलेलं, ‘फिलिपा हार्ग्रीव्ह, डॉर्किंग, पोनीसह’. तो प्रकाशाचा खेळ आहे, असं झुरीने तेव्हा सांगितलं होतं. पोनीबद्दल ती काही बोलली नव्हती.

हे दुकान कुणाचं, हे झुरीला ठाऊकच नव्हतं. फोटो उचलताना खालचं दुकानाचं नाव वाचायची पद्धत नसते. तिला फक्त टोपाची घोषणा करायला एखादं अस्सल दुकान पाठीमागे हवं होतं. तिचा मदतनीस म्हणाला पेकहॅम, ती म्हणाली चालेल.

तर झुरी आली. अंगाला बाटलीतला असा गडद रंग, की दाराच्या चौकटीला थोडा लागला. ओठ भरून घेतलेले, डोळ्यांत तपकिरी भिंगं. हातात काठीवर बसवलेला फोन, आणि फोन चालू.

“माझ्या राण्यांनो, बघा कुठे आलेय मी! खरंखुरं पेकहॅम! हा वास घ्या!”

वास तळलेल्या केळ्यांचा आणि तापलेल्या केसांचा होता. फोनमधल्या हजारो राण्यांनी तो कसा घेतला असेल कोण जाणे. एबुनने मनातल्या मनात वाक्य जुळवलं, ‘झुरी, ही रचना तुला सुचली कुठून गं?’ ती एक पाऊल पुढे आली. पण मोरेनिके आंटी तिच्याही पुढे आल्या.

आंटींनी चष्मा कपाळावर ढकलला, कारण नीट बघायचं असलं की त्या चष्मा काढत. मग त्यांनी झुरीची हनुवटी दोन बोटांत धरली आणि कलिंगड पारखतात तशी तिची मान उजेडाकडे फिरवली.

“कुणाची गं तू?”

हा प्रश्न आंट्या प्रत्येक तरुण मुलीला विचारतात. बसमध्येही विचारतात. त्याला उत्तर द्यावं लागतं. झुरीने फोनकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर हार्ग्रीव्ह म्हणायची सोय नव्हती.

“म्हणजे… बाबा… लहानपणी ते फारसे घरी नसायचे,” ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. बाबांचा दातांचा दवाखाना होता, आणि उरलेल्या वेळात गोल्फ.

दुकानात चुकचुकाट झाला.

“आणि आई कुठली?”

“हलची.”

केस वाळवणारी दोन्ही यंत्रं बंद झाली. कुणी बंद केली ते कळलं नाही.

“वय?”

“सव्वीस.”

“हे नाक,” मोरेनिके आंटी हळूच म्हणाल्या. “अगं बायांनो, हे नाक मी ओळखते.”

ते नाक झुरीने सकाळीच दोन रंगांच्या पेन्सिलींनी तयार केलं होतं. पण आंटींचा धाकटा भाऊ लायी हा तरुणपणी लॉरी चालवायचा, थेट हलच्या बंदरापर्यंत, आणि कधी कधी तिकडचं धुकं फार म्हणून चार-चार दिवस परतायचा नाही, हे दुकानातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

“लायी!” आंटींनी दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. “चाळीस वर्षांचा संसार, आणि आजच्या दिवशी!”

एबुनने तोंड उघडलं. हिचं नाव फिलिपा आहे, ही डॉर्किंगची आहे, एवढं सांगितलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मिटवून तिला हवं ते वाक्य मिळणार नव्हतं. तिने तोंड पुन्हा बंद केलं आणि झुरीच्या हातातली काठी अलगद काढून घेतली.

“मी धरते गं फोन. तू तुझ्या माणसांना भेट.”

झुरी खुर्चीकडे निघाली, तशी आंटींनी तिला दंडाला धरून थांबवलं.

“तिकडे कुठे?”

“माझी अपॉइंटमेंट आहे ना.”

“अपॉइंटमेंट गिऱ्हाइकाला. घरच्या पोरीच्या वेण्या सगळ्यांचं आटोपल्यावर. कोपऱ्यात बसलेल्या त्या आजोबांना आधी गुडघे टेकून नमस्कार कर. एक नाही, दोन्ही गुडघे! कसं वाढवलंय हिला!”

मग घरच्यांसाठी एकाच ठाणातून घेतलेलं जांभळं-सोनेरी कापड तिच्याभोवती गुंडाळलं गेलं. झुरी त्यात खूष झाली, कारण फोनवर बदामांचा पाऊस पडत होता. “राण्यांनो, हे मला भेट दिलंय!” ती म्हणाली. ही भेट नसून गणवेश आहे, हे तिला हॉलच्या स्वयंपाकघरात गेल्यावर कळलं. तिथली पातेली अशी होती, की घासायला आत उतरावं लागे. भाताचं पहिलं पातेलं तळाशी लागलं होतं. त्याशेजारी गोणीभर कांदे आणि एक सुरी.

“बारीक चीर,” आंटी म्हणाल्या. “आणि डोळे पुसू नकोस, हाताला मिरची असेल.”

झुरीने डोळे पुसले. एक भिंग कांद्यात पडलं आणि तिथेच चिरलं गेलं. आता तिचा एक डोळा तपकिरी होता आणि दुसरा निळा. कांदे निवडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी तो निरखून पाहिला.

“लायीच्या आजोबांचा एक डोळा असाच होता,” एक म्हणाली.

“तो मोतीबिंदू होता.”

“होता ना? मग झालं तर.”

पातेली घासता घासता झुरीचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले. म्हाताऱ्यांनी ते पाहिलं आणि स्वयंपाकघरात एकच आरडाओरडा झाला. “हा साबण आणला कुणी? पोरीची कातडी गेली धुऊन! कितीदा सांगितलं, स्वस्तातला साबण नको!” एकीने पर्समधून अंगाला लावायचं शिआचं लोणी काढून तिच्या हातांना चोळायला घेतलं. जितकं चोळावं तितका रंग निघावा, आणि जितका रंग निघावा तितक्या त्या जास्त चोळत होत्या.

एबुन फोन सरळ धरून उभी होती. बघणारे वाढत होते, म्हणून झुरीला हसत राहावं लागत होतं. तिच्या धंद्यात बघणारे असताना निघून जाणं म्हणजे दुकानाला आग लावून बाहेर पडण्यासारखं असतं.

तेवढ्यात लायी अंकल आले. पांढराशुभ्र पायघोळ झगा, हातात चांदीच्या मुठीची काठी, चेहऱ्यावर चाळीस वर्षं निभावल्याचं समाधान. त्यांच्यामागे जरीचा फेटा बांधलेल्या सिकिरात आंटी, केक कापायची सुरी चांगली धारदार आहे ना, ते बघायला म्हणून.

मोरेनिके आंटींनी झुरीला पुढे केलं. “घे. ओळख.”

“कोण ही?” लायी अंकलांनी विचारलं.

“मला काय विचारतोस? हलला विचार.”

“हल?” अंकल म्हणाले. “वय काय हिचं?”

“सव्वीस.”

अंकलांनी बोटांवर मोजत मनात काहीतरी हिशेब केला. मग स्वयंपाकघरातलं एक स्टूल ओढलं आणि बसले.

“आईचं नाव काय म्हणालीस, बाळ?”

“डेबोरा,” झुरी म्हणाली.

“डेबोरा…” अंकलांनी डोळे मिटले.

आता ह्या प्रकरणात लायी अंकल पूर्णपणे निर्दोष होते. पण निर्दोष असण्याची सवय नसल्यामुळे त्यांना ते ओळखता आलं नाही. ते खाल मानेने म्हणाले, “सिकिरात, मी तुला सांगणारच होतो.”

सिकिरात आंटींनी सुरी टेबलावर ठेवली. ती ठेवण्याचा आवाज फोनमध्येही नीट ऐकू गेला असावा. “कधी सांगणार होतास? पन्नासाव्याला?”

“लेस्टरवालीचं प्रकरण तरी गेल्या वर्षीच सांगायचं मनात होतं—”

“लेस्टर?”

मग अंकलांना कळलं, की लेस्टर कुणी विचारलंच नव्हतं.

इथे झुरीचा धीर सुटला. बाहेर माणसं टेबलांवर बसली होती, आत एक चाळीस वर्षांचा संसार तिच्या नाकापायी मोडत होता, आणि कोपरापर्यंत लोणी लागलं होतं. तिने आजवर फोनसाठी कमावलेली ती गल्लीतली, झोकदार बोली एका क्षणात गळून पडली, आणि आतून घोड्यावर बसून बोलल्यासारखी स्वच्छ, सुखवस्तू डॉर्किंगची भाषा बाहेर आली.

“कृपा करून माझं ऐकाल का? माझे वडील हे नाहीत! माझे वडील दातांचे डॉक्टर आहेत. त्यांचं नाव नायजेल आहे. मी गोरी आहे!”

मोरेनिके आंटींचे डोळे भरून आले.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “हिला गोरी म्हणून वाढवलं.”

“बिचारा नायजेल,” कांदेवाली म्हातारी म्हणाली. “त्याला पत्ताच नाही.”

“डेबोराने सांगितलं कसं असेल त्याला?”

“सांगितलंच नसेल. दातांच्या डॉक्टरला काय कळतंय, तोंडापलीकडचं.”

“नाही हो!” झुरी रडकुंडीला आली. “हा रंग बाटलीतला आहे! बघा!” तिने गाल पुसून दाखवला.

“साबणाने गेलाय तो,” मोरेनिके आंटींनी तिला जवळ घेतलं. “रडू नकोस. आम्ही नायजेलला सांगणार नाही. ऐकलंत का सगळ्यांनी? नायजेलला कुणी सांगायचं नाही.”

“नाही सांगणार,” सगळ्या एका सुरात म्हणाल्या. सिकिरात आंटीही म्हणाल्या, कारण नायजेलबद्दल त्यांना मनापासून वाटत होतं. त्या क्षणी दोघांचं दुःख सारखंच होतं.

मोरेनिके आणि एबुन ही नावं दुपारभर कानावर पडून झुरीला ते जुनं पत्र आणि हे दुकान एव्हाना उमगलं होतं. तिने शेवटचा पुरावा काढला. तिने एबुनच्या हातातल्या फोनकडे वळून, सगळ्या राण्यांच्या देखत, दोन्ही हात जोडले.

“हे बघा, मी तुमच्यातली असते तर असं केलं असतं का? ही केसांची स्टाईल माझी नाही! मी ती ह्यांच्याच पानावरून उचलली! ही ह्या मोरेनिके आंटींची आहे, तिचं नाव ‘सासू बघतेय’ आहे, फोटोवर लिहिलं होतं, ह्या मुलीने मला पत्र लिहून सांगितलंही होतं, आणि तरी मी ती माझी म्हणून विकली! मी चोर आहे! घरातलं माणूस घरात चोरी करतं का?”

एबुनने जागच्या जागी अशी उडी मारली, की लाखो लोकांना स्वयंपाकघर हलताना दिसलं. वाक्य मिळालं होतं. मागितलं होतं त्याहून पुष्कळ लांब आणि नमस्कारासकट मिळालं होतं.

मोरेनिके आंटींनी मात्र विजयाने लायी अंकलांकडे बोट केलं.

“आता तरी कुणाला शंका आहे? घरात चोरी घरच्यांशिवाय करतं कोण? ह्याने माझा रेडिओ पळवून नेला होता इबादानला असताना, आणि मी रडतेय तर माझ्याबरोबर शोधत फिरला! लायीचीच आहे ही. काडीचा फरक नाही.”

अंकलांनी मान खाली घातली. रेडिओ खरा होता.

“मला आता जाता येईल का?” झुरीने बारीक आवाजात विचारलं.

“जाता येईल म्हणजे? भात कोण वाढणार?”

झुरीने भात वाढला. तीन रांगा वाढला, आणि मग कुणीतरी तिला खाली बसवून तिच्यापुढेही ताट ठेवलं. तिने ते चाटूनपुसून खाल्लं, आणि पुन्हा भात मागितला. फोन तोवर एबुनने बंद केला होता. दाखवण्यासारखं सगळं दाखवून झालं होतं.

सोमवारी टोप बाजारात आला. पण ‘झुरी स्वर्ल’ म्हणून कुणी तो मागेना. ते नाव उच्चारलं, की समोरचा माणूस हसू लागे. कंपनीने घाईघाईने डब्यांवरचं नाव खोडून नुसता क्रमांक छापला, आणि एबुनला फोन करून ‘सासू बघतेय’ वापरू का असं अदबीने विचारलं. एबुनने ही बातमी धावत दुकानात आणली, पण तिथे तिच्या आधीच दुसरीच गोष्ट घडून गेली होती. सकाळपासून आलेल्या सगळ्या मुली एकच मागत होत्या.

“आंटी, मला ‘नायजेलला सांगू नका’ घालून द्या.”

“मलाही तेच. शेवटची वेणी डोकावणारी हवी.”

एबुन मटकन खाली बसली. “आंटी, हे काय? एवढं करून नाव परत मिळवलं, आणि ह्यांनी बदललंसुद्धा!”

“मग बदलणारच,” आंटी कंगव्याने भांग पाडत म्हणाल्या. “त्या सासूला आता नातू झालाय. ती कशाला बघत बसेल कुणाकडे? नाव रस्ता ठेवतो, बाई. मी काय, मी वेण्या घालते.”

“पण कुणाच्या, ते कळायला नको?”

आंटींनी दोन्ही ओठांत पिना धरल्या आणि पुढची बट उचलली.

त्या आठवड्याच्या शेवटी, दुकान भरलेलं असताना, दार उघडून एक उंच, टक्कल पडलेले, फारच सभ्य गृहस्थ आत आले. हातात आइस्क्रीमचा धुतलेला डबा होता. त्यातून झुरीने मागच्या शनिवारी घरी भात नेला होता.

“माफ करा,” ते म्हणाले. “मी नायजेल हार्ग्रीव्ह. फिलिपाचा बाबा. हा डबा परत करायला आलो होतो.”

दुकानात टाचणी पडली असती तर ती मोरेनिके आंटींच्या तोंडातूनच पडली असती. मग एकदम सगळ्या हलल्या. एकीने खुर्ची दिली, एकीने खिम्याचा पाव हातात दिला, तिसरीने उगाचच त्यांच्या खांद्यावरून हात फिरवला. इतकी दया डॉर्किंगमध्ये त्यांना आयुष्यभरात कुणी दाखवली नसेल. सांगितलं मात्र कुणीच काही नाही. शब्द तो शब्द.

नायजेलनी पाव खाल्ला. मग जरा घुटमळत म्हणाले, “माझ्या नावाची काहीतरी केशरचना आहे म्हणतात. बघायला मिळेल का?”

खुर्चीतल्या मुलीचं डोकं त्यांच्याकडे वळवण्यात आलं. नायजेलनी खिशातून कामाचा चष्मा काढला आणि दाढ तपासावी तसे ते वाकून बघू लागले. कानामागून सुरू करून ते शंखाच्या वळणावळणाने टाळूपर्यंत गेले, आणि तिथून त्या उलट्या वेणीपर्यंत आले. मग सरळ उभे राहिले.

“फार बारीक काम आहे,” ते म्हणाले. “एकही टाका सैल नाही. कुणाचं हो हे?”

एबुनने तोंड उघडलं. पण मोरेनिके आंटींनी ओठांतल्या पिना काढल्या, एकेक करून बशीत ठेवल्या, आणि हात झग्याला पुसून म्हणाल्या,

“माझं.”